प्रस्तावना : कळांना टाळेबंदी नसते

बेंगळुरूत सरकारी दवाखान्यात नाव घातलं की गरोदर बाईच्या हाती एक कार्ड पडतं. तपासणीच्या तारखा, वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, धनुर्वाताची इंजेक्शनं, सगळं त्यात लिहिलेलं असतं. त्याचं नाव 'तायी कार्ड'. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई. मराठी कानाला मात्र ते 'ताई कार्ड' ऐकू येतं, आणि इथे नव्याने आलेल्या बायका बरेच दिवस तसंच म्हणत राहतात. मला ही चूक आवडते. आईची नोंद ठेवणारा कागद तिच्यापुरता थोरल्या बहिणीच्या नावाचा होतो. बाळंतपणात बाईला नोंद लागते आणि सोबतही लागते. 2020 आणि 2021 या दोन वर्षांत नोंदी कधी नव्हे इतक्या झाल्या. सोबत मात्र पहिल्याच दिवशी फाटकाबाहेर थांबवली गेली.

त्या दोन वर्षांत बेंगळुरूत आणि सीमेच्या अलीकडे-पलीकडे बाळंत झालेल्या मराठी बायकांची कथनं या पुस्तकात आहेत. कथनांकडे वळण्याआधी हा विषय कुठून आला, त्याकडे कोणकोण कसं पाहत आलं, हे वाचकाला ठाऊक असावं म्हणून ही पानं.

साथ आणि बाळंतपण यांची गाठ मराठी मुलखाला नवी नाही. 1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा विधवांना गुपचूप, पण सुखरूप बाळंत होता येईल अशी ती जागा होती. तिथे जन्मलेल्या एका मुलाला त्यांनी दत्तक घेतलं. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगात सावित्रीबाई त्याच्याच दवाखान्यात रुग्ण पोचवत होत्या, आणि त्यातच 10 मार्चला प्लेगने गेल्या. आपण त्यांना शिक्षिका म्हणून ओळखतो ते बरोबरच आहे. पण परक्या बाईच्या बाळंतपणात तिच्या उशाशी बसलेली आणि साथीत रुग्णाला हात लावायला न कचरलेली बाई म्हणूनही त्यांचं नाव या विषयात सर्वांत आधी घ्यायला हवं. दुसरं नाव आनंदीबाई जोशींचं. त्यांचं पहिलं मूल दहा दिवसांत गेलं, आणि 1886 मध्ये फिलाडेल्फियात एम.डी. होताना त्यांनी प्रबंधाला विषय घेतला तो आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा.

तो 1897 चा प्लेग आणखी एका कारणाने इथे येतो. त्या वर्षी इंग्रज सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घराघरांत शिरून बायकांची तपासणी केली, त्याचा संताप रँडच्या खुनापर्यंत गेला. मार्च 2020 मध्ये राज्यांनी कपाटातून बाहेर काढला तो हाच कायदा. बेंगळुरूत प्लेग 1898 च्या ऑगस्टमध्ये पोचला. जुन्या पेठेच्या दाटीतून माणसं बाहेर पडली आणि मल्लेश्वरम, बसवनगुडी या वसाहती भरत गेल्या. 1900 मध्ये लॉर्ड कर्झनच्या हस्ते व्हिक्टोरिया रुग्णालय उघडलं. त्याच्या शेजारी 1935 मध्ये बायका-मुलांसाठी वाणीविलास रुग्णालय उभं राहिलं. प्लेगनंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी दुसरी साथ आली तेव्हा कोविडबाधित गरोदर बायका याच आवारात आणल्या गेल्या, आणि जुलै 2020 मध्ये तिथल्या अशा बाळंतपणांची संख्या शंभरीला पोचली. पीपीईत घामाने निथळणाऱ्या निवासी डॉक्टर आणि परिचारिकांनी ती केली. पुढे काही कडू गोष्टी लिहायच्या आहेत, म्हणून हे आधी सांगून ठेवते.

बाळंतपणाचं शास्त्रही साथींनीच घडवलं. व्हिएन्नात 1847 मध्ये सेमेलवाईसने पाहिलं की सुइणींच्या वॉर्डापेक्षा डॉक्टरांच्या वॉर्डात बाळंतिणी जास्त मरतात. शवविच्छेदन करून आलेले हात तसेच बाळंतिणीला लागत होते. त्याने हात धुवायला लावले. 2020 मध्ये सगळं जग वीस सेकंद हात घासत होतं, तेव्हा हा धडा आपण बाळंतिणींच्या मरणातून शिकलो याची आठवण फार थोड्यांना होती. 1918 च्या इन्फ्लुएन्झात अमेरिकेत साडेतेराशे गरोदर रुग्णांची माहिती गोळा झाली. त्यांतल्या सुमारे 27 टक्के दगावल्या होत्या. 2009 च्या स्वाइन फ्लूने, ज्यात पुणं होरपळलं, तोच इशारा पुन्हा दिला. गरोदरपणात श्वसनाची साथ जास्त भोवते हे शंभर वर्षं माहीत होतं. तरीही कोविडची लस आली तेव्हा चाचण्यांतून सर्वांत आधी वगळल्या गेल्या त्या गरोदर बायकाच.

या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांची घराणी वेगवेगळी आहेत आणि ती एकमेकांशी क्वचितच बोलतात. प्रसूतिशास्त्र शरीराकडे पाहतं. त्याला जिवंत आई आणि जिवंत बाळ हवं असतं, आणि एवढंच हवं असणं ही कमी गोष्ट नाही. सार्वजनिक आरोग्यवाले व्यवस्थेकडे पाहतात. त्यांचं सर्वांत उपयोगी पडलेलं हत्यार म्हणजे थॅडियस आणि मेन यांनी 1994 मध्ये मांडलेले तीन उशीर : दवाखान्यात जायचं ठरवायला लागणारा, तिथवर पोचायला लागणारा आणि पोचल्यावर उपचार मिळायला लागणारा. भारताने पंधरा-वीस वर्षं पहिल्या उशिरावर सगळा जोर लावला. 2005 ची जननी सुरक्षा योजना आणि आशा सेविका हा त्याचाच भाग. बायकांनी ते ऐकलं, त्या घर सोडून दवाखान्यात येऊ लागल्या. कर्नाटकात 97 टक्के बाळंतपणं संस्थांमध्ये होऊ लागली. आणि मग 24 मार्च 2020 च्या रात्री चार तासांच्या सूचनेवर वाहनं थांबली.

कागदावर गरोदर बाईला बाहेर पडायची मुभा होती. पण रिक्षावाल्याला तिला घेऊन जायची मुभा आहे का, हे नाक्यावरच्या पोलिसाने ठरवायचं होतं. पोचल्यावर तिसरा उशीर उभा होता, आणि त्याला एक नवं नाव मिळालं होतं : रिपोर्ट. आयसीएमआरने मे 2020 मध्ये स्वच्छ लिहिलं होतं की चाचणी झाली नाही म्हणून प्रसूतीसारखी तातडीची गोष्ट थांबवू नये. दिल्लीतला कागद आणि फाटकावरचा सुरक्षारक्षक यांच्यातलं अंतर किती, हे त्या उन्हाळ्यात पुष्कळ बायकांनी पायी मोजलं. जुलै 2020 मध्ये बेंगळुरूत एका गरोदर बाईला एकामागून एक रुग्णालयांनी परत पाठवलं. ती मल्लेश्वरमच्या एका सरकारी रुग्णालयाच्या दारात रिक्षातच बाळंत झाली, आणि मूल वाचलं नाही. अशा तक्रारींची कर्नाटक उच्च न्यायालयाने दखल घेतली. मुख्य न्यायमूर्ती तेव्हा अभय ओक होते.

दुसऱ्या लाटेत फाटकाची भाषा पुन्हा बदलली. एप्रिल-मे 2021 मध्ये बेंगळुरूत खाट मिळायला आधी 'बीयू नंबर' लागायचा. बीयू म्हणजे बेंगळुरू अर्बन. बाधित रुग्णाची नोंद संगणकावर चढली की हा क्रमांक मिळे. दवाखान्यात नाव घातलेलं, तायी कार्ड हातात, कळा सुरू, आणि तरी खाटा वाटणाऱ्या वॉर रूमचा फोन लागेपर्यंत थांबायचं. कळा काही कुणाच्या क्रमांकाची वाट पाहत नाहीत.

तिसरं घराणं मानववंशशास्त्राचं. ब्रिजिट जॉर्डनने 1978 मध्ये युकातान, हॉलंड, स्वीडन आणि अमेरिका अशा चार ठिकाणची बाळंतपणं शेजारी शेजारी ठेवून दाखवलं की प्रसूतीच्या खोलीत अनेकींना अनेक गोष्टी कळत असतात, पण चालतं एकाचंच ज्ञान. बाईला तिच्या अंगाचं काय कळतं ते तिथे धरलं जात नाही. आपल्याकडे राणी बंग यांनी गडचिरोलीत बायकांशी बोलून हेच ऐकलं. त्यांचं 'कानोसा' ज्यांनी वाचलं असेल त्यांना हे वेगळं सांगायला नको. सिसिलिया व्हॅन हॉलन यांनी तमिळनाडूतल्या बायकांवर 2003 मध्ये लिहिलेलं पुस्तक बेंगळुरूच्या वाचकाला शेजारघरचं वाटेल. साथीने या मांडणीत एक गंमत केली, तिला गंमतच म्हणायचं असेल तर. या वेळी डॉक्टरांचं ज्ञानही दर पंधरवड्याला बदलत होतं. बाळाला आईपासून वेगळं ठेवा; नको, जवळच ठेवा. अंगावर पाजू नका. मास्क लावून जरूर पाजा. जागतिक आरोग्य संघटना सुरुवातीपासून आईजवळ ठेवण्याच्या बाजूने होती, पण एकेका वॉर्डात भीतीने आपले नियम केले होते. आदल्या दिवशीच्या नियमाने बाळाला दूर ठेवलेल्या आईला दुसऱ्या दिवशीचा नियम कळतो तेव्हा तिला काय वाटतं, हे कुठल्या तक्त्यात बसवायचं?

चौथं घराणं हक्कांचं. प्रसूतिकक्षात बाईवर ओरडणं, चापट मारणं, न विचारता टाके घालणं याला व्हेनेझुएलाने 2007 मध्ये कायद्यात प्रसूती-हिंसा असं नाव दिलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2014 मध्ये सन्मानाच्या वागणुकीबद्दल निवेदन काढलं. मुंबईच्या सेहतसारख्या संस्था आपल्याकडे हे काम करत आल्या आहेत. यातल्या 'हिंसा' या शब्दावर बरेच डॉक्टर चिडतात. बारा तास उभ्या असलेल्या परिचारिकेला तो लागतो, हे मला समजतं. पण शब्द सौम्य केला म्हणून अनुभव सौम्य होत नाही, तेव्हा पुस्तकात जिने तो वापरला आहे तिथे तो तसाच ठेवला आहे.

आता सोबतीकडे येते, कारण हे पुस्तक मुळात तिच्याबद्दल आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. सातव्या महिन्यात डोहाळजेवण, मग माहेरचं बोलावणं, आणि बाळ झाल्यावर सव्वा महिना आईच्या हाताखाली शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. बेंगळुरूतल्या मराठी माणसांचे थर निरनिराळे आहेत. शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून इथेच रुजलेली घराणी आहेत, त्यांचं माहेर दोन गल्ल्या पलीकडे. विटा-खानापूर-आटपाडीकडून आलेले गलाई कामगार आहेत, सोनं गाळण्याच्या धंद्यासाठी दक्षिणभर पसरलेले. त्यांच्या बायका बाळंतपणाला हटकून गावी जातात. आणि व्हाइटफील्ड, सर्जापूर रस्त्यावर आयटीतली जोडपी आहेत, ज्यांच्या आया पुण्या-नाशकाहून सामान बांधून इथे येतात. साथीने या तिन्ही वाटा वेगवेगळ्या तऱ्हेने तोडल्या. 18 मे 2020 ला कर्नाटकाने महाराष्ट्रातून येणाऱ्यांना महिनाअखेरपर्यंत बंदी केली. फेब्रुवारी 2021 पासून येणाऱ्याला आरटीपीसीआरचा निगेटिव्ह अहवाल दाखवावा लागू लागला. पुणे-बेंगळुरू महामार्गावर कोगनोळीचा नाका आहे. एरवी निपाणीकर दवाखान्याला, बाजाराला कोल्हापूर गाठतात तेव्हा त्यांना तो दिसतही नाही. त्या काळात त्या नाक्यावर राज्य म्हणजे काय ते बायकांना कळलं. सासर एका राज्यात आणि माहेर दुसऱ्यात, एवढ्यावरून कुणाची आई पोचली आणि कुणाची व्हिडिओ कॉलवर राहिली.

बाळंतिणीला वेगळं ठेवणं आपल्या घरांना नवं नव्हतं. दहा दिवसांची सोयर, अंधारी खोली, दारात ओव्याची धुरी, बाहेरच्यांना मज्जाव. एका अर्थी ते विलगीकरणच. पण त्या खोलीत आजी किंवा मावशी आत असे. 2020 च्या विलगीकरणात आत कोणीच नव्हतं. इथे जुन्या खोलीचे गोडवे गाण्याचा माझा इरादा नाही. त्याच खोलीत धुराने गुदमरलेल्या, धनुर्वाताने आणि बाळंतज्वराने गेलेल्या बायका आपल्या प्रत्येकीच्या घराण्यात आहेत, आणि सोबतीला बसलेल्या सासूचं तोंडही काही नेहमी गोड नसे.

तरी सोबत ही हौसेची गोष्ट नाही, याला भक्कम पुरावा आहे. कळांच्या वेळी सतत कुणीतरी जवळ असण्यावर झालेल्या 26 चाचण्यांचा, पंधरा हजारांहून अधिक बायकांचा, एकत्रित आढावा 2017 मध्ये आला. सोबत असलेल्या बायकांमध्ये आपोआप प्रसूती होण्याचं प्रमाण जास्त, सिझरचं कमी. भारत सरकारने 2016 मध्ये सरकारी रुग्णालयांत एका सोबतिणीला परवानगी दिली होती. चार वर्षांत ती परवानगी जेमतेम वॉर्डाच्या दारापर्यंत आली होती, तोच साथ आली. ज्या कर्नाटकात खासगी रुग्णालयांतली निम्म्याहून अधिक बाळंतपणं साथीच्या आधीच सिझरने होत होती, तिथे एकटी पडलेली, घाबरलेली बाई किती वेळ कळा सोसेल आणि किती वेळ नाही म्हणेल, याचा विचार वाचकाने कथनं वाचताना करावा.

सोबतीचा एक मानधनावरचा अवतारही होता : आशा. महाराष्ट्रात तिला आशाताईच म्हणतात. तिला साथीत घरोघर ताप मोजायला लावलं गेलं, आणि गरोदर बायकांच्या घरची तिची फेरी मागे पडली. जुलै 2020 मध्ये कर्नाटकातल्या आशा दरमहा 12,000 रुपये निश्चित मानधन मागत संपावर गेल्या. त्या टाळ्या-थाळ्यांना नको म्हणत नव्हत्या. पैसे आणि मास्क मागत होत्या.

मनाचं काय झालं, हे पाहायला बेंगळुरूइतकी चांगली जागा देशात दुसरी नाही. इथल्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत 2009 पासून आई आणि बाळ यांना एकत्र दाखल करून घेणारा मानसोपचार विभाग आहे. 2020 मध्येच तिथल्या डॉक्टरांनी प्रसूतितज्ज्ञांना विचारलं की गरोदर बायका कसली काळजी बोलून दाखवतात. सर्वांत वर होती ती दवाखान्यात यायची भीती. ज्या जागी जा म्हणून पंधरा-वीस वर्षं सांगितलं, तीच जागा धोक्याची झाली होती.

ही सगळी कथा आकड्यांत का दिसत नाही, असं कुणी विचारेल. दिसते, पण अर्धवट. 2021 मध्ये 17 देशांतले 40 अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा साथीच्या काळात मृतजन्माची शक्यता सव्वापटीहून जास्त आणि मातामृत्यूची सुमारे एक तृतीयांशाने जास्त आढळली. मुंबईत आयसीएमआरच्या प्रजनन आरोग्य संस्थेने नायर रुग्णालयाच्या साथीने गरोदर बायकांची प्रेगकोविड नोंदवही सुरू केली, हे मोठं काम. तिच्यातून कळलं की पहिल्या लाटेत लक्षणं असलेल्या 14.2 टक्के होत्या, दुसऱ्या लाटेत 28.7; मृत्यूचं प्रमाण 0.7 टक्क्यांवरून 5.7 वर गेलं. याच दुसऱ्या लाटेत गरोदर बायकांना लस घ्यायला मनाई होती. परवानगी आली 2 जुलै 2021 ला, लाट ओसरल्यावर. पण ज्या मोठ्या पाहण्यांचे आकडे आपण भाषणांत ऐकतो, त्यांची गोष्ट वेगळी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीवर 2019-21 असं लिहिलेलं असतं. कर्नाटक आणि महाराष्ट्रातलं तिचं काम मात्र 2019 मध्येच, साथीपूर्वी उरकलं होतं. मातामृत्यूचा गाजलेला आकडा, लाखामागे भारत 97, कर्नाटक 69, महाराष्ट्र 33, हा 2018 ते 2020 चा. म्हणजे त्यातही साथीचे महिने थोडेच. संस्थांमधल्या बाळंतपणांचे वर म्हटलेले 97 टक्केही त्या कुटुंब आरोग्य पाहणीतलेच. नाशिकहून मध्य प्रदेशाकडे चालत निघालेली, वाटेत महामार्गाकडेला बाळंत होऊन दोन तासांत पुन्हा चालू लागलेली मे 2020 मधली ती बाई यांतल्या कुठल्याच रकान्यात नाही.

म्हणून कथनं. ती आत्ताच का, याचं उत्तर साधं आहे : बाईला बाळंतपण जन्मभर आठवतं, पण मूल मोठं होता होता ते 'सगळं छान झालं' या वाक्याखाली दाबलं जातं. ती मुलं आता शाळेत जाऊ लागली आहेत. शिवाय फाटक काही साथीबरोबर गेलं नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये, टाळेबंदी संपून कितीतरी महिने झाल्यावर, बेंगळुरूपासून सत्तर किलोमीटरवर तुमकुरूत एका गरोदर बाईला सरकारी रुग्णालयातून परत पाठवण्यात आलं, कारण तिच्याकडे आधार आणि तायी कार्ड नव्हतं. ती आणि तिची जुळी मुलं दगावली.

या पुस्तकाच्या मर्यादा सांगायला हव्यात. बोलायला तयार झालेल्या बायका म्हणजे जगलेल्या बायका. शिकलेल्या आणि फोन असलेल्या जास्त, गलाई कुटुंबांतल्या कमी, बांधकामावरच्या त्याहून कमी. रुग्णालयांची नावं काढली आहेत, बायकांचीही. हा कुणावरचा खटला नाही. भाषा मात्र सुधारलेली नाही. 'साक्षीला सिस्टरच होती', 'नोवु सुरू झालं' अशी कन्नड-इंग्रजी-मराठी सरमिसळ वाचकाला अडखळवेल. नोवु म्हणजे दुखणं, कळ. डॉक्टरांचे आणि परिचारिकांचे काही लेख मधेमधे येतात. ते उत्तर म्हणून घातलेले नाहीत. फाटकाच्या आतून तीच रात्र कशी दिसली ते त्यांत आहे.

वाचायचा क्रम वाचकाने स्वतः ठरवावा. मला विचाराल तर आधी एका पुणेकर बाईचं नाव लक्षात ठेवून सुरुवात करा. भारतात बनलेली कोविडची पहिली चाचणी पुण्याच्या मायलॅबमध्ये ज्या गटाने सिद्ध केली, त्याच्या प्रमुख मीनल डाखवे-भोसले तेव्हा दिवस भरत आलेल्या होत्या. गरोदरपणातल्या गुंतागुंतीमुळे रुग्णालयात राहून आल्यावर त्यांनी काम हाती घेतलं, 18 मार्च 2020 ला किट तपासणीला दिलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मुलगी झाली. पुढच्या पानावरचं पहिलं कथन त्यानंतर दोन महिन्यांनी सुरू होतं. एक बाई बेंगळुरूत एका फाटकापाशी उभी आहे. नवऱ्याला आत सोडलेलं नाही, आई सांगलीत आहे. सुरक्षारक्षक कन्नडमध्ये रिपोर्ट मागतो आहे, आणि तिला शब्द सापडत नाही म्हणून ती पिशवीतून 'ताई कार्ड' काढून त्याच्यापुढे धरते आहे.